नाक नाकाच्या जागी

हिंगोली,
माघ वद्य तृतीया, शके १८५९

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,

बालके उत्तमचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सात अंगं टेकली आहेत, उजवा हात तेवढा पत्र लिहिण्यासाठी वर ठेवला आहे, त्याची क्षमा असावी.) इकडे सर्व ठीक. तुमचा गुडघा आता बरा असेल, आणि शिडीवर चढून नाटकाचे पडदे रंगवणं तुम्ही वैद्यांच्या सांगण्यावरून सोडलं नसलं तरी मामींच्या सांगण्यावरून सोडलं असेल, अशी आशा आहे. मामींचा खोकला थंडीत कसा आहे ते कळवावं. सुमन बरी असेलच (हे आपलं सहज विचारलं). माझी पत्रं तुम्ही जेवणानंतर ओसरीवर बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवता, असं मामींनी मागं कळवलं होतं. म्हणून या खेपेला अक्षर जमेल तितकं सुवाच्य काढलं आहे आणि आमच्या शाळेच्या हेडमास्तरांविषयी एक शब्दही लिहिलेला नाही.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, 'चष्मा हरवलेल्या माणसासारखी चित्रं अजून काढतोस, की शुद्धीवर आलास?' मामा, तुमचा आणि माझा हा वाद आता तीन वर्षांचा झाला. तुमचं म्हणणं असं, की चारशे वर्षांपूर्वी इटलीत जी चित्रकला झाली, रेनेसाँस म्हणतात ती, तिच्यावर कळस चढला आणि पुढं कुणी हात लावायची गरज उरली नाही. त्या लोकांनी माणसाचं हाड न् हाड मोजलं, दूरचे खांब लहान काढायला शिकवलं, सावली देऊन गालाला गोलाई आणली. (तुम्ही त्यांच्याच रीतीनं रंगवलेल्या राजवाड्याच्या पडद्यात परभणीच्या प्रयोगाला खुद्द राजा तिसऱ्या खांबाआड जायला निघाला आणि कपाळ फोडून घेतलं, हे मी विसरलेलो नाही.) माझं म्हणणं असं, की साठ-सत्तर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये जे इम्प्रेशनिस्ट म्हणवणारे लोक झाले, त्यांनी चित्र टेकवायची घोडी आणि रंगाची पेटी उचलून रानात नेली आणि वस्तू रंगवायची सोडून त्या घटकेला तिच्यावर पडलेला उजेड रंगवला, तेही काही वेडे नव्हते. त्यावर तुमचं उत्तर, 'चार वाजता दिसलेला गवताचा ढीग चार वाजता पाहावा आणि घरी यावं, रंगवतोस कशाला?' याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आजही नाही. म्हणून या पत्रात वाद घालत नाही. पौष महिन्यात माझ्या हातून जे घडलं ते तेवढं सांगतो.

चित्रकलेच्या वर्गात मी दोन रंगीत छापील चित्रं भिंतीला लावली आहेत. एक तुमच्या पक्षाचं: इटलीतली माय, मांडीवर गुबगुबीत लेकरू, मागं डोंगर आणि नदी. दुसरं माझ्या पक्षाचं: फ्रान्समधली गवताची गंजी, बाकी काही नाही. पौषाच्या सुरुवातीला एक दिवस नरसीच्या पुढं, सेनगावच्या वाटेवर असलेल्या एका गावचे सोनाजी म्हणून साठीचे शेतकरी मला शोधत वर्गात आले. मी मुलांच्या वह्या तपासत होतो, तोवर ते भिंतीपुढं उभे राहिले. मायलेकरांकडे पाहून म्हणाले, ''बाई बेस हाय. पर लेकराच्या आंगावर आंगडं काहून न्हाई? थंडीचे दिवस.'' मी म्हटलं, ही इटलीतली. तर म्हणाले, ''तिकडं दिष्ट लागत न्हाई व्हय? गालाला काजळ बी न्हाई.'' मग गंजीपाशी गेले आणि तिथं फार वेळ थांबले. ''ही कुनाची?'' ''फ्रान्समधल्या कुणाची तरी.'' ''वंगाळ रचली. आन् दिवस कलून राहिला. झाकून घ्या म्हना, दव पडंल.'' मामा, त्या चित्रात ना घड्याळ आहे ना सूर्य. तुमच्या बाईच्या लेकराला आंगडं का नाही याची त्यांनी चौकशी केली, पण माझ्या गंजीची त्यांना काळजी लागली. (हा मुद्दा मी वादात धरत नाही, नुसता नोंदवून ठेवतो.)

सोनाजींचं काम निराळंच होतं. त्यांचा धाकटा मुलगा संतराम मागल्या पौषात तापानं गेला. वय पंचविशीच्या आत-बाहेर. त्याचा फोटो म्हणून कुठं नाही. औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत एकदा फोटोवाला गळ घालत होता, तर म्हणाला, पुढच्या साली नवा पटका बांधून काढू. मागं त्याची बायको मनकर्णा आणि एक मुलगी, द्वारकी. बाप गेला तेव्हा ती दीड वर्षाची होती, आता अडीच. वर्षश्राद्ध महिन्याच्या आत आलेलं. सोनाजी म्हणाले, ''मास्तर, आमाला सगळ्यायला तो ठावा हाय. त्या पोरीला न्हाई. तिला बाप दाखवायचा हाय. उद्या कोनी इचारलं तुझा बाप कसा व्हता, तर ती काय सांगंल?'' मी होकार देऊन बसलो. न पाहिलेल्या माणसाचं चित्र काढायचं म्हटल्यावर मला फ्रान्स आठवेना, तुम्हीच आठवलात.

तेव्हा ऐका. पुढच्या शुक्रवारी, आमच्या निजामी शाळेच्या सुटीला, मी बैलगाडीनं त्या गावी गेलो आणि सोनाजींच्या ओसरीवर अगदी इटलीच्या रीतीनं काम सुरू केलं. कापडाला अस्तर दिलं, चौकोन आखले, तुम्ही शिकवल्याप्रमाणे चेहऱ्याची उंची तीन नाकांएवढी धरली. आता नाक ठरवायचं. सोनाजी म्हणाले, ''नाक माझ्यावानी,'' आणि माझ्यासमोर आडवे बसले. मामा, सोनाजींचं नाक थोर आहे. ते मूळ माप धरल्यावर तीन नाकांचा चेहरा पाटीएवढा होऊ लागला, तेव्हा मी हळूच कपाळाचं आणि हनुवटीचं अशी दोन नाकं लहान केली. थोरल्या भावानं मिशा आपल्यासारख्या सांगितल्या. आई गोजरबाई म्हणाल्या, डोळे माझ्या माहेरचे. माहेरचं कुणी हजर नसल्यामुळे त्या डोळ्यांबद्दल वाद झाला नाही. शेवटी गावचा न्हावी आला. तो म्हणाला, ''मास्तर, थ्ये तोंड म्या धा वर्सं हातात धरलं. यायला काय ठावं?'' आणि डोळे मिटून हवेत वस्तरा फिरवून त्यानं अख्खा जबडा, हनुवटी आणि डाव्या गालावरचा व्रण बिनचूक दाखवला. सगळ्या बैठकीत खरा जाणकार तोच होता. पण व्रण काढायला गोजरबाई तयार होईनात. गेलेल्या लेकराच्या तोंडावर खोट कशाला, म्हणाल्या. व्रण पुसला. न्हावी रागावून घरी गेला आणि त्या आठवड्यात थोरल्या भावाची दाढी राहिली.

दोन शुक्रवार खपून मी मिशीचा केस न् केस मोजून काढला, पटक्याची घडी न् घडी काढली, गालाला तपकिरी सावली दिली, आणि तुमची आठवण म्हणून मागं खिडकी व दूर दूर लहान होत गेलेले चार खांब टाकले. (संतरामनं औंढ्याचं देऊळ सोडलं तर जन्मात दगडी खांब पाहिला नसावा, पण सोनाजींना ते फार आवडले.) चित्र ओसरीवर भिंतीला टेकवलं. गाव लोटलं. हुबेहूब, हुबेहूब, असा गजर झाला. थोरला भाऊ मिशा पाहून हुबेहूब म्हणाला, सोनाजी नाक पाहून. मग गोजरबाईंनी द्वारकीला कडेवरून उतरवून विचारलं, ''हे कोन हाय गं?'' पोरीनं चित्राकडे पाहिलं, सोनाजींकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, ''आबा!'' पाठोपाठ सगळे हसले, सोनाजीही हसले, पण त्यांचं हसू लवकर संपलं.

मनकर्णा आत, माजघराच्या उंबऱ्याशी, डोईवर पदर घेऊन तूर पाखडत बसली होती. दारातून चित्र तिला समोर दिसत होतं. तिनं एकदा पाहिलं आणि पुन्हा सूप हलवायला लागली. ती परक्या पुरुषाशी बोलत नाही, म्हणून शेजारच्या सखुबाई म्हणून म्हातारी आहेत, त्यांनी आत जाऊन विचारलं आणि बाहेर येऊन मला निरोप दिला, ''चांगलं हाय म्हंते. पावने कुठले, म्हून इचारते.'' मामा, तुमच्या सगळ्या इटलीला आणि माझ्या दोन शुक्रवारांना एवढं सौम्य उत्तर कुणी दिलं नसेल. मला राग यायला हवा होता, पण लाज वाटली.

मी सखुबाईंना म्हटलं, मग तिनंच सांगावं कसा होता. त्या म्हणाल्या, ''ती काय सांगंल, मास्तर? तोंड पायलं कोनी?'' मग त्यांनी जे सांगितलं ते आपल्याही घरांत काही नवं नाही, फक्त मी कधी चित्रकाराच्या बाजूनं त्याचा विचार केला नव्हता. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं एका जागी थांबायचं नाही, ही त्या घरची रीत. संतराम दुपारी रानातून अंगणात आला, की मनकर्णानं हातातलं सूप खाली ठेवायचं, पदर आणखी पुढं ओढायचा आणि उठून दाराआड जायचं. पाणी सासूनं द्यायचं. घरात दिवा एक, तोही सासूपाशी. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. घरातल्या प्रत्येकाला संतरामचं नाक माहीत होतं, न्हाव्याला तर व्रणसुद्धा, आणि जिचा तो नवरा, तिला तेवढं माहीत नव्हतं. सखुबाईंनी दोन दिवस घेऊन तिला पुन्हा विचारलं, आणि मग मला एक ओळ मिळाली: ''बांधावरून दिसायचे तेवढे.''

त्या एका ओळीचा अर्थ सखुबाईंनी उलगडून सांगितला तो असा. दहाच्या सुमारास ती भाकरी घेऊन रानात निघायची. विहिरीजवळच्या बाभळीपासून हरभऱ्याच्या त्या टोकापर्यंत मधे कुणी नसायचं. तेवढ्या वाटेत ती त्याला पोटभर पाहून घ्यायची. ती येताना दिसली की तो एक हात वर करून पटका सारखा करायचा, आणि उभा राहताना जरा डावीकडे झुकायचा, कारण त्याच्या पायावर कधीतरी बैलानं पाय दिला होता. जवळ आलं की तिची मान खाली. म्हणजे नऊ वर्षांचा संसार तिनं एका बाभळीखालून पाहिला होता, आणि तोही सकाळच्या उजेडात. हे ऐकलं, मामा, आणि खरं सांगतो, त्याच घटकेला मनात आलं, की हे काम आता इटलीचं राहिलं नाही.

हेडमास्तरांची रजा घेऊन (त्यांच्याविषयी लिहिणार नव्हतो, पण रजा दिली एवढं लिहायला हरकत नाही) मी सात दिवस सकाळी त्या बाभळीखाली घोडी मांडली. एक डोळा मिटून, हात लांब करून, कुंचल्यानं माप घेताना मला पाहिल्यावर गावात बातमी झाली, की जमिनीची नवी मोजणी आली. शेजारच्या रानाचा मालक परडीभर ओल्या हरभऱ्याचा सोलाणा घेऊन आला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला, ''साहेब, आमचं रान जरासं बारकं दाखवा.'' मी तसंच दाखवलं; लांबचं रान बारीकच दिसतं, तुम्हीच शिकवलंय. सोलाणा गोड होता. उजेड तासाभरात पालटतो म्हणून मी तासभरच रंगवायचो आणि उठायचो, त्यावरून तर मी सरकारी माणूस असल्याची सगळ्यांची खात्री पटली. सोनाजी एकदा मागं येऊन उभे राहिले. ''सावली निळी काहून?'' मी म्हटलं, तुमच्या बैलाची पाहा, आता या घटकेला निळीच आहे. त्यांनी बराच वेळ पाहिली. ''साठ वर्सं काळी व्हती,'' म्हणाले, ''तुमी आल्यापून निळी झाली,'' आणि निघून गेले. चित्रात हरभरा, धुकट उजेड, पलीकडे कडब्याची गंजी आणि त्या टोकाला माझ्या नखाएवढा माणूस: एक फटकारा पांढरा, एक पटक्याचा तांबडा, एक वर गेलेल्या हाताचा. तोंडाच्या जागी एक ठिपका होता, तोही सातव्या दिवशी मी पुसून टाकला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी ते ओलं चित्र मी ओसरीवर पहिल्या चित्राशेजारी ठेवलं. जे झालं ते तुम्ही पाहायला हवं होतं, तुमचा गुडघा त्याच दिवशी बरा झाला असता. सोनाजी म्हणाले, ''मास्तर, रान माझं हाय, बराबर. बाभूळ बी हाय. पर पोरगं कुठं हाय?'' मी बोट ठेवून दाखवलं. ''ह्ये? याला नाक कुठं हाय?'' थोरला भाऊ म्हणाला, ''तकलीफ लय घेतली तुमी, पर तोंडच राह्यलं काढायचं.'' न्हावी (त्याचा रुसवा निघाला होता) म्हणाला, याची दाढी कशी करावी? मामा, तुम्ही तीन वर्षं मला जे लिहून राहिलात, ते सगळं त्या तिघांनी एका दमात म्हटलं. मी चित्र उचलायला वाकलो.

तेवढ्यात आतला सुपाचा आवाज थांबला. मनकर्णा आजही उंबऱ्याशी तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. पदर पुढं ओढला. उठली आणि दाराआड गेली.

 सोनाजींनी आधी अंगणाकडे पाहिलं, कोण आलं म्हणून. अंगणात कुणी नव्हतं. मग त्यांनी चित्राकडे पाहिलं. गोजरबाई म्हणाल्या, ''तो आला का ती अश्शीच उठायची.'' आणि दाराआडून मनकर्णाचा आवाज आला, मी तो पहिल्यांदाच ऐकला: ''द्वारके, तुह्या बापाला पानी दे.'' गोजरबाईंनी लहान पेला भरून दिला. द्वारकी दोन्ही हातांनी धरून, अर्धा सांडत, चित्रापर्यंत गेली आणि त्या नखाएवढ्या माणसापुढं पेला धरून उभी राहिली. ओल्या रंगावर पाणी पडेल म्हणून मी पुढं झालो, पण मला कुणी जाऊ दिलं नाही. पाणी घेत नाही असं पाहून तिनं त्याला बोट लावलं. हरभऱ्यात तिच्या बोटाचा ठसा उमटला आहे, आणि चित्रातला सगळ्यात चांगला फटकारा तोच आहे. सोनाजींनी आपलं थोर नाक पटक्याच्या सोग्यानं पुसलं. मलाही रडू आलं, ते मी लपवत नाही.

यावरून कोणती चित्रकला श्रेष्ठ, हे मी म्हणत नाही. दुसरं घर असतं, जिथं बायकोनं नवऱ्याला समोर बसून पाहिलं आहे, तिथं तुमचाच इटालियन लागला असता आणि माझ्या ठिपक्याला दारातून हाकललं असतं. तुम्हाला काय वाटतं ते निवांत कळवावं. मामींना नमस्कार, घरात सर्वांना यथायोग्य.

आपला आज्ञाधारक,
उत्तम

ता. क. पहिलं चित्र फुकट गेलं असं समजू नये. सोनाजींनी ते आपलं स्वतःचं तरुणपणीचं म्हणून ठेवून घेतलं आहे. रोज त्याच्याखाली बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नाक पडताळून दाखवतात. आपल्या पश्चात कुणाला तकलीफ नको, म्हणतात.

ता. क. दुसरा. वरील गोष्टीवरून ध्यानात येईल की मला नाक काढता येतं. साठ वर्षं ते नाक वापरणारा मालक साक्षीला आहे आणि लागल्यास न्हाव्याचीही साक्ष पाठवतो. हे लिहिण्याचं कारण, तीन वर्षांमागं दिवाळीत आईनं रिवाजाप्रमाणं तुमच्याकडे सुमनचा विषय काढला, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, 'ज्याला नाक नाकाच्या जागी काढता येत नाही, त्याच्या घरी मी मुलगी देणार नाही.' नाक जागेवर आहे. बाकी तुमची मर्जी.

ता. क. तिसरा. सुमन लुगडं नेसू लागल्यापासून मी तिला तीनदाच पाहिलं आहे, तिन्ही वेळा पाठमोरी, विहिरीकडे जाताना. चेहरा काढ म्हणाल तर मला येणार नाही. पण हिंगोलीच्या फलाटावर शंभर बायका उतरल्या तर तिला मी या टोकावरून ओळखीन. तुम्ही हे पत्र मोठ्यानं वाचत आहात, आणि जेवणानंतर ती तिथंच दाराशी तांदूळ निवडत बसते, हेही मामींनीच कळवलं आहे. ती अजून निवांत तांदूळ निवडत असेल, तर मी कुठला पाहुणा ते तिला सांगावं आणि हा विषय सोडून द्यावा. मामा, जरा पत्रातून मान वर करून बघा, ती जागेवर आहे का?